सुलू, तू खोटं वाचलंस

सुलू,

आपल्या कॉलनीतल्या मंडळाचे सेक्रेटरी घरी आले होते. म्हणाले, "काका, काकूंवर दोन शब्द लिहून द्या, अंकात छापू. जन्म, शिक्षण, बालवाडीचं काम, असं." मी म्हटलं, ते तुम्हीच लिहा, तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. मला जे बोलायचं ते मी तिच्याशीच बोलेन, वाटलं तर छापा. ते चहा न घेता गेले. चहा मी विचारलाच नव्हता. तू असतीस तर माझ्याकडे बघून डोळे वटारले असतेस.

माझं लिहिणं तुला माहीत आहे. चौथीतून उठलेला माणूस, जोडाक्षर आलं की दम लागतो. समोरच्या दारातली मीना ऱ्हस्व-दीर्घ बघून देणार आहे. तिला बजावलंय, तेवढंच बघ, बाकी एक शब्द हलवायचा नाही.

मला भीती वाटते, सुलू. लोक म्हणतात एकटेपणा आहे, सवय होईल. ही तसली भीती नाही. कपाटात तुझ्या साड्यांखाली एक लांबट पाकीट आहे. गेला महिनाभर मी त्या कपाटाचं दार पुरतं उघडलेलं नाही. शर्ट काढायला हात आत घालतो आणि गरम पाइपला लागल्यासारखा मागं घेतो. दोन शर्टांवर महिना काढला. मीनाच्या नवऱ्यानं विचारलं, "काका, युनिफॉर्म आहे का?" त्याला म्हटलं, हो, तुला पण शिवून देतो.

पाकिटाची भीती कुठून आली ते सांगतो. तुला माहीत नाही, कारण तू गेल्यावर घडलं.

आपण वाशीला आलो तेव्हा दहा-बारा बिल्डिंगी आणि पलीकडे नुसती खाजणं, खाडीची दलदल. गॅलरीत साप यायचा. वारा पावणे गावाकडून, फॅक्टऱ्यांचा वास घेऊन आला की तू खिडक्या लावायचीस आणि म्हणायचीस, तुमची कंपनी घरी आली. रंगाच्या त्या फॅक्टरीत मी केटलवर होतो, म्हणजे रंग शिजवायच्या मोठ्या बंद भांड्यावर. हातांची बोटं कायम पिवळी. माझ्याबरोबर दामा होता, खाडीकाठच्या गावातला. त्याच्या बापाची भातशेती फॅक्टरीखालीच गेलेली. मी मास्क लाव म्हटलं की म्हणायचा, "मी खाऱ्या पान्यातला हाय, मना काय होतंय?" एक दिवस केटलचं झाकण उडालं. तो पुढं होता, मी मागं. भाजला, आणि तीन दिवसांनी हॉस्पिटलातच वारला. तेव्हा एवढंच सांगत होतो सगळ्यांना, आत्ताही एवढंच लिहितो.

त्यानंतर पहिल्या शिफ्टवरून आलो की मी भिंतीकडे बघत बसायचो. तू आठ दिवस बघितलंस. नवव्या दिवशी माझ्यासमोर मेथीची जुडी आपटलीस. "नुसते बसू नका. निवडा. मी वाचते."

"मी काय लहान पोर आहे का?"

"पोराला मेथी निवडता येत नाही."

तुझं पुस्तक रद्दीवाल्याकडून आणलेलं, कव्हर नसलेलं. जुन्या लेखकांच्या गोष्टी आणि मागं थोड्या कविता. पहिली गोष्ट तू वाचलीस त्यात शेवटी एक पोरगं तापानं जातं. मी मेथी तिथंच टाकली, चपला घातल्या आणि खाडीच्या पुलापर्यंत चालत गेलो. पुलावर उभा राहिलो आणि खालच्या पाण्याची भीती वाटली म्हणून परत आलो.  माझं ताट झाकून ठेवलं होतंस.

दुसऱ्या दिवशी परत मेथी. वाचायला घेतलंस तेव्हा मी चपला कुठं आहेत ते बघून ठेवलं. पण गोष्ट बरी निघाली. त्याच्या पुढचीही बरी निघाली. मी तुला म्हटलंसुद्धा, आता चांगल्या गोष्टी लागल्या, पहिलीच मेली वाईट होती. तू म्हणालीस, "हो ना."

मग ते चालूच राहिलं, दहा-बारा वर्षं. पहिली शिफ्ट असली की चार वाजता गॅलरीच्या दारात तू पाटावर, मी समोर परात घेऊन. तुझा कायदा होता, वाचणाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत, म्हणून ऐकणाऱ्यानं भाजी करायची. वाल सोलले, माठ निवडला, तांदळातले खडे काढले. सानपाड्याची कोळीण दारावर यायची ती टोपली उतरवून अर्धी गोष्ट ऐकायची आणि माझ्या परातीकडे बघून हसायची. वरच्या मजल्यावरचा क्लार्क जिन्यातून ओरडायचा, "काका, आज मेथी का माठ?" मी सांगायचो, तुझ्या बायकोची पाठव, तिची पण निवडतो, नाहीतरी तू बसूनच असतोस.

सगळ्यात आवडती आपली ती विहिरीची. एक विहीर खणणारा. खाली उतरलाय, वर बायको दोर धरून उभी. दरड ढासळते. आसपास कोणी नाही. बाई दोर ओढायला लागते. तू तिथं थांबायचीस, आणि माझे हात पण थांबायचे. मी आमच्याकडे विहिरी बघितल्यात, दरड आली की काय होतं मला ठाऊक आहे. मी दरवेळी विचारायचो, गोष्ट पाठ असूनसुद्धा.

"आला का वर?"

"आला."

"चिखलानं माखला असेल."

"नुसते डोळे दिसत होते. आणि बायकोला म्हणाला, बघत काय उभी राहिलीस, चहा टाक."

मी हसायचो. दरवेळी हसायचो. कामावरून आलो की दारातूनच म्हणायचो, बघत काय उभी राहिलीस. आणि आपलं त्यावर भांडण पण होतं. मी म्हणायचो, या लिहिणाऱ्यानं विहीर बघितलेली नाही, एकटी बाई बाप्याला ओढणार कशी, कप्पी तरी पाहिजे. तू म्हणायचीस, "ओढते. तुम्हाला काय माहीत बाई किती ओढते." मी म्हणायचो अशक्य. तू म्हणायचीस, मग पुढच्या वेळी मरू दे का त्याला? मी परत शेंगा सोलायला लागायचो.

कविता वाचायला लागलीस की मी शेंगा मुद्दाम आवाज करून सोलायचो. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. पण तुझा आवाज तेव्हा वेगळा लागायचा, खोल. तू एकेक कविता दोनदा वाचायचीस. एकदा माझ्यासाठी, एकदा स्वतःसाठी, असं म्हणायचीस. मी म्हणायचो, माझी पण तूच ठेव.

आता मीनाचं. तुझं तेरावं झालं त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती ऑफिसातून आली तशीच इकडे आली. म्हणाली, काका, चार वाजता तर मला जमत नाही, पण आता थोडं वाचू का? मला बरं वाटलं. मी परात घेतली. मेथी होती घरात, सुकलेली, पण घेतली.

"कुठली वाचू?"

"विहिरीची."

चांगलं वाचते पोरगी. टायपिस्ट आहे ना, अडखळत नाही. दरड ढासळली. बाई दोर ओढायला लागली. मीनानं वाचलं, "दोर हलका आला."

मी थांबलो. "पुढं?"

"संपली, काका."

"संपली कशी? चहा कुठं गेला?"

"कसला चहा?"

"पान गाळलंस तू. बघ नीट."

तिनं पान उलटलं. मागं दुसऱ्या गोष्टीचं नाव. मी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. दो, र. ह, ल, का. तेच होतं. त्याच्या खाली कोरी जागा. आणि समासात पेन्सिलीची बारीक रेघ, तुझ्या हातची, हिशेबाच्या वहीत तू मारायचीस तशी.

मीनानं पुस्तक घेतलं आणि एकेक रेघ शोधायला लागली. "इथं मुलगी जाते, काका. इथं म्हातारा जातो. इथं दोघं भाऊ. इथं बैल."

"बैल?"

"हो. पुरात."

"तो पोहून आला होता."

 तू बैलसुद्धा मरू दिला नाहीस, सुलू. मी एवढा मोठा बाप्या, आणि तू माझ्यासाठी एक बैल पुरातून काढलास. शंभर जणं तरी जगवलीस तू त्या पुस्तकात. त्या संध्याकाळी मी रडलो ते दुःखानं नाही. कविता मात्र तू होत्या तशाच वाचल्यास, मीनाला विचारून खात्री केली. यमक मोडलं असतं म्हणून असेल, किंवा मला कळत नाही हे तुला माहीत होतं म्हणून.

मीना गेली. भांडी घासता घासता माझा हात थांबला. तू मला नुसतं पुस्तकच वाचून दाखवत नव्हतीस. माझ्या भावाची पत्रं तूच वाचायचीस. कंपनीच्या नोटिसा, सोसायटीचे कागद तूच वाचायचीस. आणि ते पाकीट.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तुझ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांच्या खोलीत तू एकटी गेलीस. मी बाहेर थांबलो, औषधांच्या खिडकीपाशी रांग आहे म्हणून. रांग नव्हती. तू बाहेर आलीस. आपण आवारातल्या झाडाखाली सिमेंटच्या बाकावर बसलो. पाकिटातला रिपोर्ट इंग्लिशमध्ये होता. मी म्हटलं, वाच. तू तो उलगडलास, चष्मा पुसलास आणि वाचलास. पोटात सूज आहे, गाठ साधी आहे, गोळ्यांनी जाईल, वर्षभर दगदग नको. एकदाही अडखळली नाहीस. मी म्हटलं, बघ, उगाच टेन्शन घेतलं, चल बस पकडू. आणि जाताना तुला उसाचा रस पाजला.

त्यानंतर आठवड्याभरानं तू पोळ्या करता करता म्हणालीस, "एकदा राजापूरला जाऊन येऊ या का? दोनच दिवस. घर बघून येऊ."

मी म्हटलं, "मार्चात रिटायर होतोय ना. मग महिनाभर जाऊ. तुझी भावजय हाकलून देईपर्यंत राहू."

तू हसलीस. म्हणालीस, "बरं."

मार्च यायच्या आधी तू गेलीस.

आता समजलं तुला, मला कपाटाची भीती का वाटते? तू ते "बरं" म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं का, एवढंच त्या पाकिटात आहे. बाकी काही नाही. वाचून घेतलं नाही तोपर्यंत तुला माहीत नव्हतं असं मला म्हणता येतं. आज इथं थांबतो. हात दुखतो.

वरचं लिहून चार दिवस झाले. रविवारी मीनाला हाक मारली. कपाट उघडलं, साड्यांना हात न लावता पाकीट ओढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, वाच.

तिनं हात लावला नाही. "काका, मला वाचायची गरज नाही."

"म्हणजे?"

"हॉस्पिटलातून आल्या त्याच संध्याकाळी काकूंनी जिन्यात दाखवलं होतं. बरोबर समजलं ना, एवढं बघ म्हणाल्या."

माझ्या कानात फॅक्टरीच्या भोंग्यासारखं वाजायला लागलं. "तुला माहीत होतं? समोरासमोर राहतो आपण, आणि पाच महिने तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. डॉक्टरांना पण सांगून ठेवलं होतं."

"का? मी कोण होतो तिचा?"

तिनं पदराचं टोक चुरगाळलं. मग म्हणाली, "काका, खरं सांगू?"

"खोटं ऐकून कान किटले माझे."

"त्या म्हणाल्या, त्यांना कळलं तर ते येणार नाहीत."

"कुठं येणार नाहीत?"

"माझ्याजवळ, असं म्हणाल्या."

मी तिला म्हटलं, निघ इथून. अशाच शब्दांत. ती दारापर्यंत गेली. मी हाक मारली. म्हटलं, बस. वाच आता, जसं आहे तसं वाच. तिनं वाचलं. आधी इंग्लिश, मग मराठीत. साधी नव्हती गाठ. पसरली होती. वर तारीख होती, तू राजापूरचं विचारलंस त्याच्या आधीची.

मीना छापायच्या आधी हे वाचणार आहे, तर तिच्यासाठीच लिहितो. पोरी, तुझी चूक नाही. तिनं बरोबर सांगितलं होतं तुला.

सुलू, दामाचं मी अर्धंच सांगितलं होतं. लोकांना, तुला, वर या कागदावरसुद्धा. तो तीन दिवस हॉस्पिटलात होता. मी तिन्ही दिवस गेटपर्यंत गेलो. शिफ्ट सुटली की केळी घ्यायचो, बस पकडायचो, गेटवर उभा राहायचो. आत भाजलेल्या माणसांचा वॉर्ड कुठं आहे ते वॉचमननं दाखवलं पण होतं. पाय उचलायचा नाही. मग बसस्टॉपवर यायचो आणि बसून सगळी केळी खायचो, म्हणजे घरी पिशवी रिकामी दिसेल. घरी येऊन तुला सांगायचो, भेटलो, बरा आहे.

चौथ्या दिवशी तू दामाच्या बायकोकडे जाऊन बसलीस. मी आलोच नाही ते तिनं तुला सांगितलं असणार. तो माझं नाव घेत होता, हे पण सांगितलं असणार. तू घरी आलीस, पदर खोचलास आणि भात टाकलास. एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, नंतर बारा वर्षांत नाही. मी वाट बघत होतो, सुलू. भांडणात तरी काढशील, जिव्हारी लागेल असं काहीतरी बोलशील, मग मी ओरडेन, मग संपेल. तू काढलंच नाहीस. मला वाटलं, तुला कळलं नाही. भ्याडाला असंच वाटतं.

म्हणजे तू मला सांभाळत होतीस हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. गोष्टी बदलल्यास त्या मला सांभाळायला. पाकीट बदललंस ते मी पळू नये म्हणून. तुला माणूस हवा होता शेजारी, आणि माणूस तर मी एकच होतो, आणि तो असला. मग तू त्याला बांधून ठेवायची युक्ती केलीस. माझा राग येतो मला, तुझा पण येतो. एकदा विचारून तर बघायचंस. पण मी रात्रंदिवस विचार केला, आणि विचारलं असतंस तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. राजापूरला नेलं असतं कदाचित. तिथं सोडून, कामाचं निमित्त काढून परत आलो असतो.

वाशीच्या नर्सिंग होममध्ये तू अकरा दिवस होतीस. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, सलाइन लावू. मी रजा टाकली आणि स्टूल घेऊन बसलो. लोक आता मला म्हणतात, काका, तुम्ही धीराचे, एकदा हलला नाहीत जागचे. मी मान हलवतो. कसला धीर? मला वाटत होतं सोमवारी घरी सोडतील. मी नर्सशी चहावरून भांडत होतो. पेज टाकलीस म्हणून तुला झापत होतो. घरी गेलो की गॅलरीला रंग मारायचा, कुठला मारायचा, यावर बडबड करत होतो. तुला हिरवा नको होता. तू हळूच म्हणालीस, "तुमच्या मनात असेल तो मारा," आणि मला वाटलं, चला, पहिल्यांदा जिंकलो.

आता मला भीती वाटते ती वेगळी. पाकिटाची गेली. ही जाणार नाही. तू अकरा दिवस ते एकटीनं धरून पडली होतीस, आणि मी शेजारी बसून रंगाचं बोलत होतो. मला भीती वाटली तेव्हा तू मेथीची जुडी पुढं टाकलीस, पुस्तक उघडलंस. तुझ्यासाठी कोणी काय उघडलं?

शेवटच्या दुपारी तू माझी दोन बोटं धरलीस. तुझा हात थरथरत होता, वरपासून खालपर्यंत. मी विचारलं, "थंडी वाजते का?"

तू माझ्याकडे बघितलंस. थोडा वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "हो."

मी उठून पंखा बंद केला आणि तुझ्या अंगावर चादर ओढली.